वारल्यांची गोदूताई

पुण्यातल्या कोणत्याही हस्तकलेच्या दुकानात आज वारली चित्रे मिळतात. गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली ती पांढरी माणसे, तारप्याभोवती फेर धरून नाचणारी, आता चहाच्या कपावर आणि साडीच्या काठावर येऊन बसली आहेत. आमच्या गॅदरिंगच्या कमानीवरही ती होती. ही माणसे नाचतात एवढे सर्वांना माहीत आहे. परंतु हीच माणसे १९४५ पर्यंत ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत जवळजवळ गुलामांचे जिणे जगत होती, आणि ते जिणे त्यांनी काही महिन्यांत झुगारून दिले, ही हकिगत मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. त्या उठावात त्यांच्याबरोबर पाड्यापाड्यांतून पायी हिंडलेली बाई आपल्या पुण्याची होती, हे तर मलाही ग्रंथालयात त्यांचे पुस्तक हाती येईपर्यंत माहीत नव्हते. मी आमच्या वर्गात सहज विचारले, तर दोघींनीच गोदावरी परुळेकर हे नाव ऐकले होते. त्यातली एक सोलापूरची होती.

गोदावरीबाई माहेरच्या गोखले. जन्म पुण्यातला, १४ ऑगस्ट १९०७ चा. वडील लक्ष्मणराव गोखले नामांकित वकील. घरी सुबत्ता, पुस्तके, मोठ्या माणसांची ये-जा. ज्या काळात मुलगी चार इयत्ता शिकली तरी पुष्कळ झाले असे मानीत, त्या काळात ह्या मुलीने फर्ग्युसन महाविद्यालयात अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्र घेऊन पदवी मिळवली आणि पुढे कायद्याचीही पदवी घेतली. महाराष्ट्रातील कायद्याची पहिली स्त्री पदवीधर असा त्यांचा उल्लेख बहुतेक ठिकाणी आढळतो. खरे पाहता पुण्याच्याच डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी मुंबई विद्यापीठाची एलएल.बी. परीक्षा १८९७ मध्येच दिली होती. तेव्हा पहिली कोण हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा. पदवीचे बाईंनी पुढे काय केले हे मला त्याहून महत्त्वाचे वाटते.

वडिलांसारखी वकिली करावी, नाव मिळवावे, गाडी-बंगला करावा, हा सरळ रस्ता समोर होता. पण विद्यार्थिदशेतच स्वातंत्र्याच्या चळवळीचे वारे अंगात शिरले. १९३२ साली सत्याग्रहात भाग घेतल्याबद्दल त्यांना शिक्षा झाली. सरकारशी वैर घेणारे राजकारण वडिलांना पसंत नव्हते. मग घरात राहायचे तर त्यांच्या मताने राहायचे, नाहीतर घर सोडायचे, एवढाच प्रश्न उरला. गोदावरीबाईंनी घर सोडले आणि त्या मुंबईस आल्या. हे एका वाक्यात लिहून होते. पण त्या काळी अविवाहित, सुशिक्षित ब्राह्मण मुलीने बापाचे छत्र सोडून परक्या शहरात एकटीने उभे राहणे म्हणजे काय असेल, याची कल्पना आजही वसतिगृहाच्या परवानगीसाठी घरी महिनाभर विनवण्या करणाऱ्या मुलींना चांगली करता येईल.

नामदार गोखल्यांनी १९०५ मध्ये पुण्यात स्थापन केलेल्या भारत सेवक समाजात त्या दाखल झाल्या. समाजाच्या आजीव सदस्य होणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. आजीव सदस्य म्हणजे पोटापुरत्या वेतनावर आयुष्यभर देशकार्य करीन अशी शपथ घेणारा माणूस. पुरुषांच्या त्या मेळाव्यात एका बाईला घ्यावे की नाही याचा खल झालाच असणार. समाजाच्या वतीने त्यांनी साक्षरता प्रसाराची मोहीम चालवली. आणि १९३८ च्या सुमारास मुंबईत घरकामगारांची संघटना बांधली. हजारो घरकामगार मोर्चाने रस्त्यावर आले. गिरणी कामगारांचे संप मुंबईला नवे नव्हते. पण दुसऱ्याच्या घरात भांडी घासणारा, पाणी भरणारा माणूस हाही कामगार आहे, त्याला पगार, सुट्टी आणि माणुसकीची वागणूक मागण्याचा हक्क आहे, हा विचारच त्या वेळी नवा होता.

ह्या ठिकाणी मी थोडी थांबले, हे कबूल केले पाहिजे. माझी आई चार घरची धुणीभांडी करते. एका घरी दोन दिवस तापाने जाणे झाले नाही, तर त्या दोन दिवसांचे पैसे कापून घेतले गेले आणि वर चार शब्द ऐकवले गेले. पुण्यातल्या मोलकरणींनी १९८० मध्ये आपणहून संप केला, त्यातून त्यांची संघटना उभी राहिली, आणि घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात व्हायला २००८ साल उजाडले. म्हणजे १९३८ मध्ये गोदावरीबाईंनी जो प्रश्न उचलला तो कायद्याच्या पुस्तकात यायला ७० वर्षे लागली, आणि पुस्तकातून आमच्या वस्तीपर्यंत यायला आणखी किती लागतील कोण जाणे.

भारत सेवक समाजातच त्यांची शामराव परुळेकरांशी ओळख झाली. शामरावही समाजाचे सदस्य. कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेस जाऊन आलेले. १९३७ च्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षातर्फे मुंबईच्या विधिमंडळात निवडून आलेले. खोती पद्धतीविरुद्ध १९३८ च्या जानेवारीत कोकणातल्या शेतकऱ्यांचा जो मोठा मोर्चा मुंबईच्या विधिमंडळावर गेला, त्याच्या पुढाऱ्यांत बाबासाहेबांबरोबर शामरावही होते. १९३९ मध्ये दोघांनी विवाह केला आणि त्याच वर्षी दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेली. लगेच महायुद्ध सुरू झाले. युद्धविरोधी प्रचाराबद्दल दोघांनाही तुरुंगात टाकण्यात आले.

पुढे जर्मनीने सोव्हिएत रशियावर हल्ला केला आणि कम्युनिस्ट पक्षाने युद्धाबद्दलची आपली भूमिका पार बदलली. १९४२ च्या आंदोलनापासून पक्ष दूर राहिला. सातारच्या पत्री सरकारच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या माझ्यासारख्या मुलीला ते पटत नाही, आणि गोदावरीबाईंवरच्या प्रेमापोटी ते झाकून ठेवावे असेही वाटत नाही. तरी एवढे खरे की त्या चुकीची भरपाई म्हणा, की पक्षाच्या कामाची पुढची दिशा म्हणा, १९४४ पासून परुळेकर दांपत्य शेतकऱ्यांत उतरले आणि इथून त्यांच्या आयुष्याचा खरा भाग सुरू होतो.

त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यातले डहाणू आणि उंबरगाव हे दोन तालुके म्हणजे मुंबईपासून रेल्वेने काही तासांची वाट. मुंबईच्या तबेल्यांतल्या म्हशींना लागणारे गवत इथून गाठी बांधून आगगाडीने जाई. इमारतींना लागणारे लाकूड इथल्या जंगलातून जाई. ते गवत कापणारे आणि ती झाडे तोडणारे वारली होते. जमिनी मात्र कधीच्याच सावकार-जमीनदारांच्या घशात गेलेल्या. वारली त्यांचे कूळ. पावसाळ्यात घरातले धान्य संपले की जमीनदाराकडून खावटी घ्यायची, सुगीला ती दीडपट-दुपटीने फेडायची, खंड घालायचा, आणि उरले ते खायचे. उरत नसेच. मग पुन्हा खावटी.

याखेरीज वेठ. जमीनदाराने बोलावले की आपले शेत टाकून त्याच्या शेतावर राबायचे, मोबदला नाही. जंगलखात्याच्या माणसांनी, सरकारी अंमलदारांनी, ठेकेदारांनी बोलावले तरी तेच. आणि सर्वांत वाईट प्रकार लग्नगड्याचा. लग्नासाठी वारली तरुण सावकाराकडून शंभर-दीडशे रुपये काढी, आणि ते फिटेपर्यंत तो नि त्याची नवी नवरी दोघे सावकाराच्या घरी राबायला जात. ते कधी फिटत नसत. हिशेब सावकाराच्या वहीत आणि वही वाचता येणारा वारली एकही नाही. नवरा मेला तर कर्ज मुलाच्या डोक्यावर. बाईच्या अब्रूचे तर बोलायलाच नको. तीही जणू त्या कर्जात गहाण पडलेली असे. चुकलेल्याला झाडाला बांधून फटके मारणे ही रोजची गोष्ट होती.

हे कम्युनिस्टांनी रंगवून सांगितलेले नव्हे. सरकारनेच नेमलेल्या सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने आपल्या अहवालात १९३९ साली ही लग्नगड्याची गुलामी नोंदवून ठेवली होती. शिवाय माणसाकडून त्याच्या मर्जीविरुद्ध काम करून घेणे हा भारतीय दंड संहितेच्या ३७४ व्या कलमान्वये गुन्हा होता, आणि ती संहिता १८६२ पासून लागू होती. म्हणजे कायदा होता, अहवाल होता, मुंबई हाकेच्या अंतरावर होती, तिथे वर्तमानपत्रे होती, देशभक्त होते. सगळे होते. फक्त वेठीला नाही म्हणणारा माणूस नव्हता. कायद्याची पदवी घेतलेल्या गोदावरीबाईंनी कोर्टाची पायरी न चढता पाड्यांची वाट का धरली असेल, याचे उत्तर मला इथे सापडते. ज्याला नाही म्हणण्याची भीती वाटते त्याच्या वतीने वकिलाने किती अर्ज केले तरी संध्याकाळी तो माणूस घरी परत जातो तेव्हा त्याच जमीनदाराच्या ओसरीवरून जातो.

७ जानेवारी १९४५ रोजी कल्याणजवळ टिटवाळ्याला महाराष्ट्रातील शेतकऱ्यांची किसान सभेची परिषद भरली. टिटवाळा तेव्हाही गणपतीसाठीच प्रसिद्ध. ह्या परिषदेस उंबरगाव तालुक्यातले मूठभर वारली आले होते. त्यांचा म्होरक्या माह्या धांगडा. हजारोंच्या सभेत त्याने उभे राहून आपल्या लोकांचे हाल सांगितले. परिषदा पुष्कळ होतात, ठराव पुष्कळ होतात. पण ह्या वारल्यांच्या पाठोपाठ परुळेकर मंडळी खरोखरच त्यांच्या मुलखात गेली.

सुरुवातीला पांढरपेशा माणूस दिसला की वारली जंगलात पळत. पांढरे कपडे म्हणजे सावकार, पोलीस नाहीतर तलाठी. तिन्ही आले तरी मारच. अशा लोकांत पुण्याच्या वकिलाची मुलगी गेली. पाड्यावरून पाड्यावर पायी हिंडणे, त्यांच्या झोपडीत निजणे, त्यांच्या भांड्यातली आंबील पिणे हे तिने केले, आणि त्यांची बोली कानात साठवली. ह्या साऱ्याचे वर्णन त्यांनी पुढे जे पुस्तक लिहिले त्यात आहे. मला त्यात आवडले ते असे की, मी त्यांना शहाणे केले असा सूर त्यात नाही. ही माणसे एवढे का सोसतात हे आधी त्यांना स्वतःलाच समजून घ्यावे लागले. भीती हा स्वभाव नसून ती पिढ्यान्‌पिढ्या मारून अंगात भरलेली वस्तू आहे, आणि ती एकट्याने निघत नाही, दहाजण एकत्र आले की निघते, हे त्या तिथे शिकल्या. फर्ग्युसनच्या अर्थशास्त्रात हा धडा नसावा.

त्याच वर्षी २३ मे रोजी उंबरगाव तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची परिषद झाली. पाच हजारांच्या आसपास लोक आले. मे महिन्याचे ऊन, बायकांच्या कडेला पोरे, आणि वर लाल बावटा. तिथे ठरले ते अगदी साधे होते. बारा आणे रोज रोख मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या खाजगी शेतात पाऊल टाकायचे नाही. वेठ, मग ती कुणाचीही असो, करायची नाही. कुणी मारायला आला तर एकट्याने मार खायचा नाही. आणि सर्वांनी एक राहायचे. आज वाचताना ह्यात क्रांती कुठे आहे असे कुणाला वाटेल. पण ज्याच्या आजोबांनी कधी मालकासमोर मान वर केली नाही त्याने उद्या सकाळी येत नाही म्हणून निरोप पाठवायचा, ह्यापेक्षा मोठी क्रांती त्याच्या दृष्टीने कोणती? माझे आजोबा साल धरून दुसऱ्याच्या शेतावर राबले. मालकाच्या वाड्यासमोरून जाताना ते वहाणा हातात घेत, असे आजी सांगते. तेव्हा मला झरीचा ठराव लहान वाटत नाही.

पावसाला सुरुवात होते न होते तोच परिणाम दिसला. वेठ बंद पडली. लाल बावटा घेऊन वारल्यांचे जथे सावकारांच्या घरांसमोर जाऊन उभे राहू लागले आणि लग्नगड्यांना सोडवून आणू लागले. नवरा-बायको गाठोडे डोक्यावर घेऊन सावकाराच्या दारातून बाहेर पडत आहेत, आणि सावकार दारात उभा आहे पण अडवू शकत नाही. हे दृश्य त्या वर्षी गावोगाव घडले. गोळी नाही, दरोडा नाही. सरकारने वर्षानुवर्षे अहवाल लिहून जे केले नव्हते ते ह्या लोकांनी एका पावसाळ्यात केले.

पाऊस सरला, गवत उभे राहिले. घासकापणीचा दर ५०० पौंडांना अडीच रुपये मिळालाच पाहिजे म्हणून वारल्यांनी संप पुकारला. गवत वाळून चालले, तबेल्यांचे ठेके अडकले, आणि जमीनदारांच्या पायाखालची वाळू सरकली. मग आली १० ऑक्टोबर १९४५ ची रात्र.

त्या रात्री तलासरीला गोदावरीबाईंची सभा आहे, गुंड त्यांच्या जिवावर उठले आहेत, मिळेल ते हाती घेऊन धावून या, अशी बातमी पाड्यापाड्यांत पसरली. किसान सभेचे म्हणणे असे की ही बातमी जमीनदारांच्याच माणसांनी उठवली होती, आणि दुसरीकडे पोलिसांना कळवले होते की हत्यारबंद वारली हल्ला करायला जमत आहेत. गोदावरीबाई तलासरीला नव्हत्याच. पण आपल्या बाईच्या जिवाला धोका आहे एवढे कळताच अंधारात, रानातून, मशाली घेऊन हजारो वारली तलासरीला जमले. पोलिसांनी पांगण्याचा हुकूम दिला. कुणी हलेना. गोळीबार झाला. तरी कुणी हलेना. पुन्हा गोळीबार झाला. बाईला सोडून जायचे कसे, एवढाच त्यांचा हिशेब. जेठ्या गांगड आणि आणखी चार आदिवासी त्या गोळीबारात मेले.

मी हा भाग दोनदा वाचला. जी बाई तिथे नव्हती तिच्यासाठी पाच माणसे मेली. पुढारी होणे सोपे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे ओझे मनात तोलून पाहावे. आपल्या नावावर लोक जीव देतात हे कळल्यावर एखादा माणूस घाबरून मागे सरेल, एखादा स्वतःला देव समजू लागेल. गोदावरीबाईंनी ह्यातले काहीच केले नाही. त्यांनी काम चालू ठेवले. संप मोडला नाही; दराच्या बाबतीत जमीनदारांना नमावे लागले. जेठ्या गांगड आणि त्याच्या साथींची आठवण म्हणून १० ऑक्टोबर हा दिवस त्या भागात हुतात्मा दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

क्रांतिकारक स्त्री म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर घोड्यावरची, हाती तलवार घेतलेली नाहीतर बंदूक खांद्यावर टाकलेली बाई उभी राहते. चीनमध्ये अशा बायका होत्याही. कांग केचिंग ही गरीब घरची मुलगी १९३४-३५ च्या लाँग मार्चमध्ये लाल सेनेबरोबर हजारो मैल चालली आणि पुढे सबंध चीनच्या महिला महासंघाची अध्यक्ष झाली. गोदावरीबाईंच्या हाती बंदूक नव्हती. त्यांच्या लोकांजवळ गवत कापायचा विळा, कोयता आणि काठी. आणि खरे हत्यार म्हणाल तर काम न करणे. तरीही शिस्त मात्र सैन्याची. आजच्या मोर्चात दोन अश्रुधूर सुटले की पळणारी आमची पिढी तलासरीच्या त्या रात्रीची कल्पना करू शकत नाही.

१९४६ मध्ये मुंबई प्रांतात पुन्हा काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. मुख्यमंत्री बाळासाहेब खेर. आदिवासी सेवा मंडळाचे स्थापक, आदिवासींबद्दल कळवळा असलेले सज्जन गृहस्थ. आता तरी दिवस पालटतील असे वाटावे. पण त्या वर्षीच्या शरदात वारल्यांनी जंगलकामासाठी सव्वा रुपया रोज मागून संप केला तेव्हा ह्याच सरकारने परुळेकरांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना जिल्ह्यातून हद्दपार केले. १९४७ च्या जानेवारीत पालघर तालुक्यात नानिवली येथे पुन्हा गोळीबार होऊन आदिवासी मेले. स्वातंत्र्य सात महिन्यांवर आले होते! सव्वा रुपयाचा दर मात्र ठेकेदारांना कबूल करावा लागला होता.

त्याच १९४५ साली, त्याच डहाणू भागात, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावच्या अनुताई वाघ ताराबाई मोडकांबरोबर बोर्डीला बालवाडी चालवायला आल्या. पुढे कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा काढली, कारण मुले गुरे चारायला जात आणि शाळेत येत नसत. तेव्हा शाळाच कुरणात गेली. एकाच मुलखात ह्या दोघी आल्या, एक पाटी घेऊन आणि दुसरी बावटा घेऊन. आमच्या सरांशी ह्यावर माझा वाद झाला. सर म्हणतात, टिकते ते शिक्षणाचे काम. मला वाटते, ज्याचे आईबाप लग्नगडी आहेत ते मूल कुरणातल्या शाळेतही येऊ शकत नाही. आधी आईबापांची सुटका झाली पाहिजे. सर हसले आणि म्हणाले, लिही तसे. म्हणून लिहिले.

पुढचा इतिहास भराभर सांगते, कारण तो पक्षाच्या आणि निवडणुकांच्या इतिहासात मिसळून गेला आहे. शामराव १९५७ मध्ये ठाण्यातून लोकसभेवर निवडून गेले. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगावचा काही भाग गुजरातेत गेला आणि तलासरी महाराष्ट्रात राहिली. १९६२ च्या चीन युद्धानंतरच्या वर्षांत कम्युनिस्टांवर चीनधार्जिणेपणाचा संशय घेऊन धरपकडी झाल्या. १९६४ मध्ये पक्ष फुटला, परुळेकर मार्क्सवादी पक्षात गेले. आणि १९६५ च्या ऑगस्टमध्ये शामराव तुरुंगात असतानाच हृदयविकाराने वारले. गोदावरीबाईही तेव्हा कैदेतच होत्या. आयुष्यातली किती वर्षे तुरुंगात गेली हे त्यांच्या एका पुस्तकाच्या नावावरूनच कळते: बंदिवासाची आठ वर्षे.

सुटून आल्यावर साठीच्या उंबरठ्यावरची ही बाई पुन्हा तलासरीला गेली. १९७० मध्ये त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक निघाले आणि १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. आत्मचरित्र म्हणून ते वाचायला घेतले तर निराशा होईल, कारण त्यात लेखिका थोडी आणि वारली फार आहेत. घर सोडताना आई काय म्हणाली, शामरावांशी प्रेम कसे जमले, ह्या गोष्टी शोधणाऱ्याला तिथे काही मिळणार नाही. मराठीच्या अभ्यासक्रमात आम्ही स्त्रियांची आत्मचरित्रे वाचतो, त्यांत ह्या पुस्तकाला जागा असावी असे मला वाटते. अलंकार नाहीत, आक्रोश नाही, पण वेठीवर जाणाऱ्या माणसाची चाल सुद्धा डोळ्यांपुढे उभी राहते.

१९८६ मध्ये त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्ष झाल्या. ज्या संघटनेत देशभरातले फेटेवाले, पागोटेवाले शेतकरी पुढारी, तिच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. वय तेव्हा ऐंशीच्या जवळ. विडी कामगार बायकांसाठी सोलापूरजवळ कुंभारी येथे दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, तिला गोदूताईंचे नाव दिले. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहनसिंगांच्या हस्ते ती घरे बायकांना मिळाली. आमच्या वर्गातली सोलापूरची मुलगी त्याच वसाहतीत वाढली आहे. तिला गोदूताई हे नाव पत्ता म्हणून माहीत होते, बाई म्हणून नव्हते.

८ ऑक्टोबर १९९६ रोजी, वयाच्या ९० व्या वर्षात, गोदावरीबाई वारल्या. तलासरीचा हुतात्मा दिन दोनच दिवसांवर आला होता.

तलासरी आता पालघर जिल्ह्यात आहे. परुळेकर दांपत्याच्या प्रेरणेने तिथे आदिवासी प्रगती मंडळ निघाले, वसतिगृहे निघाली, शाळा निघाल्या. ज्या मुलखात सावकाराची वही वाचणारा एक माणूस नव्हता तिथल्याच लहानू कोम यांना लोकांनी १९७७ मध्ये लोकसभेवर पाठवले. आणि आज तलासरीत कला, वाणिज्य आणि विज्ञान ह्या तिन्ही शाखांचे महाविद्यालय आहे, त्याला गोदावरी शामराव परुळेकर यांचेच नाव आहे. लग्नगड्यांची नातवंडे-पतवंडे तिथे बी.ए.ला बसतात, आमच्यासारखीच एस.वाय.ची फी भरतात, आणि बहुतेकांच्या घरातली तीच पहिली कॉलेजात आलेली माणसे.